वजनकाटा चुकतो तेव्हा: लोडसेल तपासायचा कसा, बदलायचा कधी

पावसाळ्याचे चार महिने काट्याच्या पिटमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मखालच्या खड्ड्यात, पाणी, गाळ आणि उंदीर यांचं राज्य असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. नेमकी तेव्हाच तक्रार येते, की आकडा स्थिर राहत नाही, रिकामा काटा कधी २० दाखवतो तर कधी उणे ४०. अशा वेळी पहिलं वाक्य ऐकू येतं ते "लोडसेल गेला". लोडसेल म्हणजे प्लॅटफॉर्मखालचा, वजनाचा विजेचा सिग्नल करणारा पोलादी सेन्सर. नवा लोडसेल मागवला जातो, बसवला जातो, आणि आकडा पूर्वीइतकाच हलतो.

लोडसेल खराब आहे हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. आधी यांत्रिक अडथळा, मग जंक्शन बॉक्स (जिथे सगळ्या सेलच्या तारा एकत्र येतात), मग केबल आणि सरतेशेवटी सेल, हा क्रम पाळला तर बहुतेक काटे नवा सेल न घालता सुधारतात. आणि बिघाड सापडण्याआधी जंक्शन बॉक्समधले पॉट (प्रत्येक सेलचा सिग्नल जुळवायचे फिरते रोध) फिरवून किंवा पुन्हा कॅलिब्रेशन करून आकडा बरोबर आणायचा नाही. तसं केल्याने दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो. मग त्या काट्यावर आलेल्या प्रत्येक ट्रॉलीला तो भोवतो. खेपेमागे १०० किलोची चूक आणि दिवसाला ५०० खेपा धरल्या तर दिवसाकाठी ५० टन ऊस इकडचा तिकडे होतो. हा ऊस कुणाचा तरी आहे, हे ध्यानात ठेवून हात लावायचा.

सगळी उदाहरणं एकाच काट्याची घेऊ: क्षमता ६० टन, सर्वांत लहान भाग (आकडा ज्या टप्प्याने बदलतो तो) १० किलो, खाली प्रत्येकी ३० टनांचे ६ ॲनालॉग लोडसेल, संवेदनशीलता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट, इंडिकेटरकडून (आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून) ५ व्होल्ट एक्सायटेशन, म्हणजे सेलला दिलेला व्होल्टेज. आपला काटा वेगळा असेल तर लोडसेलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचे आकडे घ्यावेत, हिशोब तोच.

सिग्नल किती नाजूक असतो

५ व्होल्टला २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट म्हणजे पूर्ण क्षमतेला १० मिलिव्होल्ट. सहा सेल मिळून १८० टन. म्हणजे १० किलोच्या एका भागाला सिग्नल मिळतो ०.५६ मायक्रोव्होल्ट. इंडिकेटर एवढ्याशा फरकावर आकडा बदलतो.

आता जंक्शन बॉक्समध्ये ओल आली आणि एक्सायटेशन प्लस व सिग्नल प्लस या दोन टर्मिनलांमध्ये १० मेगाओहमची गळती सुरू झाली असं धरा. साध्या मल्टिमीटरवर १० मेगाओहम म्हणजे जवळजवळ तुटलेलीच तार, कुणी लक्षही देणार नाही. पण २.५ व्होल्टच्या फरकावर तिथून ०.२५ मायक्रोॲम्पियर करंट जातो. सहा समांतर ब्रिजांचा (ब्रिज म्हणजे सेलमधली चार रोधांची जोडणी) त्या टोकाचा रोध सुमारे २९ ओहम असतो. तेव्हा सिग्नल ७.३ मायक्रोव्होल्टने सरकतो, म्हणजे तेरा भाग, १३० किलो! हा १३० किलोही एका जागी राहत नाही. सकाळी दव असताना वाढतो, दुपारी उन्हाने बॉक्स सुकला की कमी होतो. "सकाळी एक, दुपारी एक" अशी तक्रार आली, की सेलकडे जाण्याआधी ओल शोधायची ती याचसाठी.

लक्षण काय सांगतं

गाडी उतरल्यावर काटा शून्यावर परत येत नाही, ३०-४० किलो धरून बसतो आणि पुढची गाडी चढून उतरली की तो आकडा बदलतो: प्लॅटफॉर्म कुठेतरी अडतोय.

गाडी पुढे उभी केली तर एक वजन आणि मागे उभी केली तर दुसरं: एखादा सेल भार नीट घेत नाही, किंवा कोपरे जुळलेले नाहीत.

एका कोपऱ्यावरचं वजन जवळपास नाहीसं झालंय आणि उरलेल्या पाच ठिकाणी सुमारे २० टक्के जास्त येतंय: त्या सेलच्या सिग्नलच्या तारा सुटल्यात. समांतर जोडणीत इंडिकेटरला सरासरी दिसते. सहाच्या जागी पाचच उरले, की भागाकार बदलतो. तोच कोपरा मेलाय पण बाकीचे बरोबर आहेत, तर सिग्नल जोडलेला आहे आणि एक्सायटेशनची तार तुटली आहे. हा फरक ओळखता आला तर बॉक्स उघडण्याआधीच कोणती तार बघायची ते ठरतं.

आकडा एकदम हजारोंनी उडतो किंवा इंडिकेटर ओव्हरलोड दाखवतो: तुटकी किंवा अर्धवट टेकलेली तार. हळूहळू, तासागणिक सरकतो: ओल. ट्रॅक्टर सुरू असतानाच हलतो आणि इंजिन बंद केल्यावर थांबतो: ते कंपन आहे. इंडिकेटरचं फिल्टर बघा, काट्याला दोष नाही.

आधी प्लॅटफॉर्म मोकळा करा

वाहतूक बंद करा, दोन्ही टोकांना आडकाठी लावा. हॅकसॉ ब्लेड घ्या आणि प्लॅटफॉर्म व भिंत यांच्यामधल्या फटीतून चारी बाजूंनी फिरवा. ब्लेड अडकेल तिथे खडा, चिखलाचा गोळा किंवा पाचट असतं. पाचट मऊ दिसतं, पण भिजून दाबलं गेलं की पाचरीसारखं बसतं आणि दहा-वीस किलो सहज धरून ठेवतं.

मग पिटमध्ये उतरा. पिटमध्ये पाणी असेल तर आधी पंपाने काढा आणि खाली दिव्याला २४ व्होल्टचीच लाइन घ्या. बंपर बोल्ट किंवा स्टे रॉड बघा. गाडीने ब्रेक मारल्यावर प्लॅटफॉर्म थोडा सरकून परत यायला हवा. तेवढ्यासाठी काही मिलिमीटरची मोकळीक असते, नेमका आकडा मेकरच्या ड्रॉइंगमध्ये असतो. "प्लॅटफॉर्म हलतो" म्हणून कुणीतरी बोल्ट आवळून टाकलेला असतो, हा दोष फार वेळा सापडतो. आवळलेला बोल्ट म्हणजे वजनाचा काही भाग सेलवर न जाता भिंतीत जाणं.

कॉलम प्रकारचे सेल असतील तर ते ओळंब्यात आहेत का ते दोन्ही बाजूंनी पाहा. वरच्या-खालच्या वाट्यांमध्ये चिखल गेला असेल तर त्या पुसून पुन्हा ग्रीस लावा. प्लॅटफॉर्मच्या दोन भागांच्या जोडावर आणि सेलच्या पायाखालच्या बेसप्लेटजवळ काँक्रीटला तडा गेलाय का तेही बघा. पाया खचला असेल तर कुठलाच लोडसेल काटा सुधारणार नाही.

जंक्शन बॉक्स

इंडिकेटर बंद करून बॉक्स उघडा. झाकण उचलताक्षणी नाकाला जो वास येतो तोच अर्धं निदान सांगतो: कुबट, ओल्या मातीचा. आत टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवट पावडर, पीसीबीवर पांढरे ओघळ, कोपऱ्यात मुंग्यांची माती आणि गुलाबी पडलेली सिलिका जेलची पुडी. निळं जेल गुलाबी झालं म्हणजे ते पाणी पिऊन संपलं.

टर्मिनल आणि पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने धुवा. जुन्या डागकामाचा चिकट फ्लक्सही काढा, कारण तो हवेतली ओल ओढून घेतो. हेअर ड्रायरच्या मध्यम उष्णतेवर दहा-पंधरा मिनिटं सुकवा. गंज सोडवण्याचा तेलकट स्प्रे इथे मारू नका. तो धूळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात पुन्हा गळती सुरू होते. गंजलेलं टर्मिनल घासून चालवण्यापेक्षा बदला. तारेचं काळं पडलेलं टोक कापून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे या. केबलच्या आत खोलवर तांबं काळंच असेल तर पाणी केबलमधून वाहत आलंय आणि तिचं दुसरं टोक शोधावं लागेल.

केबल जिथून बॉक्समध्ये शिरते त्या ग्लँडचं रबर कडक झालं असेल तर ग्लँड बदला. रिकाम्या भोकाला प्लग लावा, टेप नाही. केबल बॉक्समध्ये खालून यावी आणि येण्याआधी तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं. बॉक्स पिटच्या तळाशी ठेवायचा नाही. पाणी चढतं त्या रेषेच्या वर भिंतीवर बसवायचा.

बॉक्स बंद करण्याआधी इंडिकेटरकडची केबल सोडून बाकी सेल जोडलेले असताना सिग्नलच्या दोन टोकांत रोध मोजा. ३५० ओहमचे सहा सेल समांतर म्हणजे सुमारे ५८ ओहम. ७० आले तर एक सेल जोडलेला नाही, ८७ आले तर दोन. पॉट असलेल्या बॉक्समध्ये थोडा फरक पडतो, पण एक सेल गायब असल्याचा फरक लपत नाही.

एकेक सेल: चार मोजमापं

आता प्रत्येक सेलच्या चारही तारा बॉक्समधून पूर्ण सोडा. रंगावर विसंबू नका. बऱ्याच सेलमध्ये लाल एक्सायटेशन प्लस, काळा मायनस, हिरवा सिग्नल प्लस, पांढरा सिग्नल मायनस असतो, पण काही युरोपीय मेकमध्ये लाल हा सिग्नल मायनस असतो. सर्टिफिकेट किंवा सेलवरची पट्टी बघूनच लिहून घ्या.

पहिलं मोजमाप, रोध. सर्वसाधारण ३५० ओहमच्या सेलमध्ये सिग्नलच्या दोन तारांत ३५० ओहम, एखाद-दोन ओहम इकडे-तिकडे. एक्सायटेशनच्या दोन तारांत सुमारे ३८५, कारण तिथे तापमानाच्या भरपाईचे रोध एकसर असतात. मग एक्सायटेशन व सिग्नल यांच्या चारही जोड्या मोजा. प्रत्येक सुमारे २८० ओहम येते आणि चारही एकमेकींच्या जवळ असायला हव्यात. सिग्नलच्या तारांत ३५० ऐवजी ७०० आले तर ब्रिजचा एक हात तुटला आहे. मीटरच्या टोकांचा स्वतःचा रोध आधी वजा करा, नाहीतर अर्ध्या ओहमसाठी चांगला सेल बाद होईल.

दुसरं, इन्सुलेशन. चारही तारा एकत्र पिळा आणि त्या जुडग्यापासून सेलच्या बॉडीपर्यंत मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावा, मग जुडग्यापासून शील्डपर्यंत, म्हणजे केबलमधल्या धातूच्या जाळीपर्यंत. मेगर ५० व्होल्टचाच हवा. मोटारीसाठीचा ५०० व्होल्टचा मेगर लोडसेलला कधीही लावू नका. गेजखालचा (सेलला चिकटवलेल्या ताण मोजणाऱ्या पट्टीखालचा) पातळ थर फुटतो आणि तपासणीनेच सेल मरतो. इंडिकेटर जोडलेला असताना मेगर लावणं म्हणजे इंडिकेटरही गमावणं. नव्या सेलला ५००० मेगाओहमच्या वर येतं. १००० च्या खाली आला तर संशय धरा. केबलचं टोक शंभर मिलिमीटर कापून, पुसून, कोरडं करून पुन्हा मोजा. वाढला तर ओल टोकाशी होती, नाहीतर ती केबलच्या मधल्या जखमेत किंवा सेलच्या पोटात आहे.

तिसरं, रिकाम्या सेलचं शून्य. सेलवरचा भार पूर्ण काढा, ५ व्होल्ट द्या आणि सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मोजा. १० मिलिव्होल्टच्या एक टक्क्यात, म्हणजे ०.१ मिलिव्होल्टच्या आत असावा. सर्टिफिकेटवर मूळ आकडा असतो, त्याच्याशी ताडून बघा. १० टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर सेलचं पोलाद कायमचं वाकलंय, ओव्हरलोडमुळे किंवा धक्क्यामुळे. रोध आणि मेगर दोन्ही उत्तम येऊनही सेल वाकलेला असू शकतो, म्हणून हे मोजमाप गाळू नका.

चौथं, ब्रिज जिवंत आहे का. एक्सायटेशन प्लस आणि सिग्नल प्लस यांच्यावर १०० किलोओहमचा रोध आडवा लावा. सिग्नल सुमारे ०.८ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टने, म्हणजे ५ व्होल्टला ४ मिलिव्होल्टच्या आसपास उडी मारतो. एकाच मेकच्या सहाही सेलवर हे करा. पाच सारखे आणि एक निराळा, तर तो निराळाच आपला आजारी.

सहाही सेल या चार कसोट्यांतून पास झाले तर त्यांना जागेवर ठेवा आणि इंडिकेटर सिम्युलेटरने (सेलसारखा सिग्नल देणाऱ्या यंत्राने) तपासा.

केबल: कापायची की जोडायची

उंदराने कुरतडलेली केबल दिसली की पहिली इच्छा होते ती लहान करण्याची. चार तारांच्या सेलमध्ये केबल कापू नका. त्या सेलचं कॅलिब्रेशन आणि तापमानाची भरपाई केबलच्या लांबीसकट केलेली असते. तेवढीच लांबी राखून जोड द्या. सहा तारांच्या सेलमध्ये सेन्सच्या दोन तारा केबलमधली घट भरून काढतात, तिथे कापलेलं चालतं.

जोड देताना चारही तारा एकाच ठिकाणी नाही, दोन-दोन सेंटिमीटर मागेपुढे जोडा. रोझिन फ्लक्सचा ६३/३७ सोल्डर वापरा, ॲसिड फ्लक्स कधीच नाही. प्रत्येक तारेवर वेगळी श्रिंक ट्यूब, मग शील्डची जोड, मग सगळ्यावर आतून गोंद असलेली जाड श्रिंक ट्यूब. शेवटी ५० व्होल्टचा मेगर पुन्हा लावा. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड पिटमध्ये एक पावसाळाही काढत नाही. उंदरांवर खात्रीचा उपाय एकच, केबल लवचिक पोलादी पाइपमधून न्यायची आणि पाइपची तोंडं बंद करायची.

वेल्डिंग आणि वीज

काट्याच्या दुरुस्तीत लोडसेल मरण्याचं एक मोठं कारण म्हणजे प्लॅटफॉर्मवर केलेलं वेल्डिंग. अर्थ क्लँप दूरच्या खांबाला लावलेला असेल तर शेकडो ॲम्पियर करंट सेलमधून वाट काढतो. वेल्डिंग करायचंच असेल तर सेल बाहेर काढा आणि त्याजागी पोलादी ठोकळे ठेवा. काढता येत नसतील तर केबल बॉक्समधून सोडा आणि अर्थ क्लँप वेल्डच्या अगदी शेजारी, त्याच तुकड्यावर लावा. प्रत्येक सेलला वळसा घालून प्लॅटफॉर्म ते बेसप्लेट अशी किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेणी कायमचीच असावी. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हाही हीच वेणी सेल वाचवते.

सेल बदलताना

सेल पोटातून ओलसर असेल तर तो भट्टीत सुकवून पुन्हा बसवण्याचा मोह टाळा. मेगर दोन दिवस छान येतो, पण गेजखालचं पाणी गेलेलं नसतं, आणि तो हंगामाच्या ऐन मध्यावर दगा देतो.

नवा सेल क्षमता, संवेदनशीलता आणि सिग्नलचा रोध या तिन्हींत जुन्यासारखाच हवा. ३५० ओहमच्या पाच सेलांच्या पंगतीत ७०० ओहमचा सहावा बसवला तर त्याचा कोपरा कधीच जुळणार नाही.

प्लॅटफॉर्म उचलायला त्या सेक्शनच्या दोन्ही बाजूंना एकेक जॅक लावा आणि दोन्ही सारखेच चढवा. ५ ते १० मिलिमीटर पुरे. उचललं की लगेच पोलादी ठोकळे सरकवा. जॅकच्या भरवशावर कुणाचाही हात प्लॅटफॉर्मखाली जाता कामा नये. बैठक वायर ब्रशने साफ करा, रंगाचे पापुद्रे आणि गंज काढा, बोल्ट मेकरच्या टॉर्कवर टॉर्क रेंचने आवळा.

खाली घेतल्यावर रिकाम्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येक सेलचा मिलिव्होल्ट वेगवेगळा मोजा. प्लॅटफॉर्म १२ टनांचा असेल तर सेलमागे सरासरी २ टन, म्हणजे सुमारे ०.६७ मिलिव्होल्ट. मधले सेल जास्त घेतात, टोकाचे कमी, त्यात गैर काही नाही. पण समोरासमोरच्या दोघांत मोठा फरक असेल तर कमी भार घेणाऱ्या सेलखाली अर्धा मिलिमीटरची शिम (पातळ पत्रा) घाला. भारवाटणी शिमने दुरुस्त होते, पॉटने नाही.

कोपरे जुळवणं आणि कॅलिब्रेशन

आता पॉटला हात लावायची वेळ आली. सहा आधारांच्या काट्यावर कोपरा तपासायला कमाल क्षमतेचा पाचवा भाग, म्हणजे १२ टन, एकेका आधारावर ठेवायचे. आधी सहाही आकडे लिहून काढा. बॉक्समधले पॉट सेलचा सिग्नल कमीच करू शकतात, म्हणून सर्वांत कमी दाखवणारा कोपरा तसाच ठेवा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत खाली आणा. एक कोपरा फिरवला की शेजारचेही थोडे हलतात, तेव्हा सगळी फेरी दोन-तीनदा करावी लागते. एखाद्या कोपऱ्यासाठी पॉट जवळजवळ टोकापर्यंत फिरवावा लागतोय असं दिसलं तर थांबा. तिथे अजून बिघाड आहे. डिजिटल सेलच्या काट्यात पॉट नसतात, हीच दुरुस्ती इंडिकेटरमधून सेलच्या पत्त्यावर होते.

मग शून्य आणि स्पॅन (भार ठेवल्यावरचा आकडा) प्रमाणित वजनांनी. अचूकतेच्या वर्ग तीनमधल्या काट्याला पडताळणीच्या वेळी ५०० भागांपर्यंत अर्धा भाग, २००० भागांपर्यंत एक भाग आणि त्यापुढे दीड भाग इतकीच चूक चालते. आपल्या काट्याला हे ५ टनांपर्यंत ५ किलो, २० टनांपर्यंत १० किलो आणि ६० टनांपर्यंत १५ किलो होतं. वजन चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा नोंद घ्या. उतरताना जास्त दाखवत असेल तर हॅकसॉ ब्लेड घेऊन पुन्हा फटीपाशी जा.

व्यापारी वापरातल्या काट्याची दुरुस्ती वैधमापन अधिनियम २००९ प्रमाणे परवानाधारक दुरुस्तीकारानेच करायची असते. सील तोडल्यावर वैधमापन निरीक्षकाकडून फेरपडताळणी आणि मुद्रांकन होईपर्यंत त्यावर एकही गाडी मोजायची नाही. दुरुस्ती नसली तरी काट्याला दर १२ महिन्यांनी पडताळणी लागते, म्हणून पिट उपसणं, बॉक्स धुणं आणि चार मोजमापं सप्टेंबरातच उरकून तारीख घ्यावी.

बॉक्स सीलसाठी बंद करण्याआधी नवी सिलिका जेल ठेवा, आणि झाकणाच्या आत प्लास्टिकमध्ये घालून एक कार्ड चिकटवा: सहाही सेलचे नंबर, रोध, मेगर, रिकाम्या प्लॅटफॉर्मचे मिलिव्होल्ट आणि तारीख. पुढच्या वर्षी बॉक्स उघडणाऱ्याला कोणता सेल किती सरकला ते दोन मिनिटांत कळेल.